तुम्ही विचारलंत म्हणून: द्रुतला आवाज का फाटतो?

मला येणारा फोन ठरलेला असतो. कुणी वडिलांचा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, माळ्यावरून खाली काढलेला असतो, कुणी नवा कोरा मागवलेला असतो, आणि दोघांचंही म्हणणं एकच: "विलंबित सुरेख वाजतं हो, पण द्रुत सुरू झाली की आवाज फाटतो. सुई गेली का? नवीन मागवू?" (विलंबित म्हणजे ख्यालाचा आधीचा संथ भाग, द्रुत म्हणजे शेवटचा जलद.)

मागवू नका. निदान आज तरी नको. तुम्ही तक्रार सांगितलीत त्यातच अर्धं उत्तर आहे. सुई पार झिजली असती तर विलंबितही सुरेख वाजलं नसतं. शेवटीच फाटतंय, तर शेवटी काय वेगळं होतं ते आधी बघू.

एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, बाहेरून आत वाजते आणि मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत तेवढेच. पण बाहेरच्या कडेला, मध्यापासून साधारण साडेचौदा सेंटीमीटरवर, सुईखालून सेकंदाला ५१ सेंटीमीटर खाच सरकते. लेबलजवळ, सहा सेंटीमीटरवर, फक्त २१. म्हणजे तोच सूर तिथे निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो. नागमोडी वळणं दाटीदाटीने येतात आणि सुईला ती सगळी घ्यायची असतात. सुट्या गाण्यांची रेकॉर्ड असेल तर एखादं हळुवार गाणं शेवटी टाकून वेळ मारून नेता येते. ख्यालाला ती सोय नाही. आलाप बाहेर आणि ताना आत, हा क्रम ख्यालानेच ठरवलेला. म्हणून आपल्याकडे ही तक्रार जरा जास्तच ऐकू येते.

तरीही नीट बसवलेलं कार्ट्रिज, म्हणजे सुई ज्यात असते ती डबी, त्या ताना स्वच्छ वाजवतं. तेव्हा आधी सुई रेकॉर्डवर किती वजनाने टेकते ते तपासा. दहातल्या सात-आठ घरांत माझं काम इथेच संपतं.

टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागच्या वजनावर आकड्यांचं एक कडं असतं. ते एकटंच फिरतं, आणि गोंधळ तिथेच होतो. आधी अँटी-स्केटिंग, म्हणजे आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली सोय, शून्यावर ठेवा. सुईचं झाकण काढा. वजन पुढेमागे करत आर्म हवेत आडवा तरंगेल असा तोल साधा. मग आर्म रेस्टवर अडकवा, वजन न हलवता फक्त कडं शून्यावर आणा, आणि त्यानंतर वजन आणि कडं मिळून हव्या त्या आकड्यापर्यंत फिरवा. लोक तोल साधायची पायरी गाळतात आणि कड्यावर दिसेल तो आकडा खरा मानतात. माझा त्या कड्यावर फारसा विश्वास नाही. शतांश ग्रॅम दाखवणारा, सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो, तो घ्या. मात्र त्याची ताटली लोखंडी नको. कार्ट्रिजमधलं चुंबक तिच्याकडे ओढलं जातं आणि आकडा खोटा येतो. आणि सुई काट्यावर टेकवताना ती रेकॉर्डच्याच उंचीवर असू द्या.

किती ग्रॅम? कार्ट्रिज बनवणारा सांगेल तेवढे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेला २ ग्रॅम, ऑर्टोफोन टू-एम रेडला १.८, आणि स्वस्त टर्नटेबलांवर हमखास दिसणाऱ्या एटी३६००एलला अडीच ते साडेतीन.

ठाण्यात एका निवृत्त गृहस्थांकडे गेलो होतो. त्यांनी रेकॉर्डचे दोन गठ्ठे केले होते, "चांगल्या" आणि "गेलेल्या". काटा लावला तर १.१ ग्रॅम, आणि कार्ट्रिजला हवे होते २. "अहो, मीच कमी केलं," ते म्हणाले. "सुई जितकी हलकी, तितकी रेकॉर्ड जपली जाते ना?" नेमकं उलटं होतं. हलकी सुई खाचेच्या भिंतीवरून सुटते आणि परत आदळते, आणि तिच्या टोकाला हिरा असतो. योग्य वजनाने होणारी झीज या आदळण्यापुढे काहीच नाही. वजन २ वर आणलं आणि "गेलेल्या" गठ्ठ्यातली तराणा असलेली रेकॉर्ड लावली. तोवर प्रत्येक 'त' थुंकल्यासारखा येत होता, तो आता नुसता 'त' आला. ते काही बोलले नाहीत, पुढची रेकॉर्ड काढायला वळले.

याचा अर्थ हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या भागावर, नाणं ठेवा असा नाही. ते आपल्या बऱ्याच घरांनी केलंय. रुपयाचं नाणं तीन ग्रॅमहून जड, म्हणजे एकूण वजन थेट पाचाच्या पुढे.

वजन बरोबर असूनही फाटत असेल तर कार्ट्रिज हेडशेलमध्ये तिरकं किंवा पुढेमागे बसलंय का ते बघा. मूळ खाच कापणारं यंत्र सरळ रेषेत आत जातं, आपला आर्म मात्र एका टोकाला खिळलेला, तो कमानीत फिरतो. त्यामुळे तो खाचेला अगदी समांतर फार तर दोन ठिकाणी असतो. ही दोन ठिकाणं कुठे असावीत याचं गणित लोफग्रेन या अभ्यासकाने १९३८ मध्ये आणि बेअरवाल्डने १९४१ मध्ये मांडलं. कार्ट्रिज बसवायच्या नेहमीच्या मापपट्टीवर ती मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरच्या आसपास असतात. पट्टी छापून घेतलीत तर आधी फूटपट्टी लावून बघा, प्रिंटर परस्पर आकार बदलतो. टेक्निक्सच्या एसएल-१२०० वर्गातल्या यंत्रांना एवढंही लागत नाही. हेडशेलच्या मागच्या कडेपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर आले की झालं.

फाटणं फक्त उजव्या स्पीकरमधून येतंय? मग अँटी-स्केटिंग कमी आहे. आर्म आपसूक आत ओढला जातो, सुई आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरची सोडते. उजवा आवाज बाहेरच्या भिंतीवर असतो. डावीकडून येत असेल तर उलट समजा.

सुई उड्या मारते ही तक्रार वेगळी. एकाच रेकॉर्डवर एकाच जागी मारत असेल तर तिथे घाण किंवा ओरखडा आहे. प्रत्येक रेकॉर्डवर साधारण त्याच भागात मारत असेल तर आर्म कुठेतरी अडतोय, वायर ताणली गेलीय किंवा बेअरिंग सुकलंय.

आणि काही वेळा यंत्राचा काहीच दोष नसतो. जुन्या सुटकेसछाप प्लेअरांत क्रिस्टल कार्ट्रिज असायची, आर्म जड असायचा. चोरबाजारातून आणलेली रेकॉर्ड अशा यंत्रावर वर्षानुवर्षं वाजली असेल तर लेबलजवळच्या खाचा आधीच खरवडलेल्या असतात. दुसरी, कमी वाजलेली रेकॉर्ड लावून बघा. ती शेवटपर्यंत स्वच्छ वाजली, तर त्या एका रेकॉर्डची आशा सोडा.

हे सगळं करूनही प्रत्येक द्रुत फाटत असेल, किंवा कार्ट्रिज माळ्यावर कैक वर्षं उन्हाळे काढून आतलं रबर कडक झालं असेल, तर मात्र खर्च करा. पण गोल टोकाची सुई काढून पुन्हा गोल टोकाचीच घेऊ नका. ते टोक आतल्या दाट वळणांत पुरतं शिरत नाही. लंबगोल टोक शिरतं, मायक्रोलाइन त्याहून चांगलं. व्हीएम९५ असेल तर कार्ट्रिजचं अंग तेच ठेवून नुसती सुई बदलता येते: 'सी' (गोल) काढून 'ई' (लंबगोल), आणि परवडलं तर 'एमएल' (मायक्रोलाइन). मी ख्याल ऐकणाऱ्यांना 'एमएल'च सांगतो. ती बसवल्यावर वजन पुन्हा काट्यावर बघा.