मांडवातले सिंथेसायझर

आमच्या परळच्या मंडळाच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवसाची रात्र ऑर्केस्ट्राची, हे इतके ठरून गेलेले होते की कार्यक्रमपत्रिकेत ते छापले नसते तरी कोणाचे अडले नसते. पहिले चार दिवस पाककृती स्पर्धा, मुलांची वक्तृत्वे, भजन आणि महिलांचे खेळ यांत जात; पाचव्या दिवशी मात्र दुपारपासूनच आम्हा काही मुलांचे लक्ष रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्याकडे लागलेले असे, कारण कीबोर्ड तिथे उभे राहत. फलकावर गायकांची नावे मोठ्या अक्षरांत असत आणि निवेदकाच्या कोपरखळ्यांना टाळ्याही भरपूर पडत, तरी आमच्या लेखी तो कोपरा म्हणजेच ऑर्केस्ट्रा होता. आज जगभरचे शौकीन विजेवर आवाज घडवणाऱ्या ज्या सिंथेसायझरांना जुने आणि दुर्मिळ म्हणून जपतात, ते आम्ही प्रथम पाहिले आणि ऐकले ते गणपतीच्या मांडवात, त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात.

ही हकिकत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातली. 1982 च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर आमच्या भागातली वर्गणी आटली. त्याआधी मंडळ पंधरा-वीस वादकांचा ताफा बोलावत असे, त्यात व्हायोलिन, अ‍ॅकॉर्डियन, मेंडोलिन सारे असे. संपानंतर तेवढ्या माणसांचे मानधन परवडेनासे झाले. त्याच सुमारास जपानी कंपन्यांची नवी वाद्ये मुंबईत येऊ लागली होती, आणि एकट्या कीबोर्डवादकाने व्हायोलिनांचा समूह, बासरी, पियानो आणि बास हे सगळे सांभाळण्याची रीत पडली. काही वादकांचे काम त्यामुळे गेले, ही गोष्ट विसरून या वाद्यांचे गोडवे गाणे मला योग्य वाटत नाही. आमच्याच चाळीतले एक व्हायोलिनवादक काका पुढची काही वर्षे प्रेक्षकांत बसून कार्यक्रम ऐकत, आणि तंतुवाद्यांचा टोन कानाला पटला की मान डोलावत. त्यांची ती दाद आमच्या कीबोर्डवादकाला गर्दीच्या टाळ्यांहून मोलाची वाटे.

त्या कीबोर्डवादकांना सारी वस्ती मास्तर म्हणत असे. ते मूळचे पेटीवादक. त्यांच्या बोटीवर नोकरीला असलेल्या मेहुण्याने त्यांना जपानहून यामाहाचा डीएक्स 7 आणून दिला होता. हे वाद्य 1983 साली बाजारात आले आणि त्याने सिंथेसायझरचे जगच पालटले. जपानमधल्या विजेचा दाब 100 व्होल्टचा, त्यामुळे मास्तरांच्या वाद्याबरोबर एक जड ट्रान्सफॉर्मर नेहमी फिरे, आणि मांडवातली वीज वर-खाली झाली तर वाद्य बिघडू नये म्हणून मंडळाने त्याच्या जोडीला एक स्टॅबिलायझरही घेतला होता. प्लायवूडच्या पेटीत जुन्या घोंगडीत गुंडाळलेला तो कीबोर्ड तिसऱ्या मजल्यावरून खाली आणण्याचा मान ज्याला मिळे, तो त्या दिवशी कोणाशी धड बोलत नसे.

माझ्याकडे विजेरी धरण्याचे काम होते. डीएक्स 7 ला दोन ओळींचा एक लहानसा पडदा आहे, एका ओळीत सोळा अक्षरे मावतात, आणि त्या पहिल्या आवृत्तीत पडद्यामागे दिवा नव्हता. रंगमंचावरचे रंगीत दिवे गायकांवर रोखलेले असत, त्यामुळे डावा कोपरा अंधारात राही, आणि प्रत्येक गाण्याआधी मास्तर हळूच म्हणत, “बाळ्या, बॅटरी नीट धर, आकडा दिसू दे.” त्या उजेडात वाद्याच्या माथ्यावर छापलेल्या 32 आकृत्या दिसत, लहान चौकोन एकमेकांवर रचलेले, काही शेजारी, काही मनोऱ्यासारखे. त्या आकृत्यांचा अर्थ विचारला, तेव्हा मास्तरांनी तो गाणे संपेपर्यंत राखून ठेवला आणि मध्यंतरात सांगितला. प्रत्येक स्वरामागे सहा लहरी असतात. त्यांतल्या काही थेट ऐकू येतात, तर काही स्वतः ऐकू न येता दुसऱ्या लहरीला वेगाने हलवत राहतात. आणि कोणी कोणाला हलवायचे, हे त्या आकृत्या सांगतात. एका लहरीने दुसरीची कंपने बदलून नवा ध्वनी घडवण्याची ही पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांना 1967 साली सापडली आणि पुढे यामाहाने ती त्या विद्यापीठाकडून परवान्याने घेतली, हा इतिहास मी फार नंतर वाचला. मांडवात त्याची फळे तेवढी ऐकली होती.

त्या फळांत आमच्या वस्तीने उचलून धरलेले फळ म्हणजे घंटा. कार्यक्रमाची सुरुवात आरतीच्या चालीने करण्याचा मास्तरांचा शिरस्ता होता, आणि त्यासाठी त्यांना देवळातल्या पितळी घंटेचा आवाज हवा होता. वाद्यात तयार आलेल्या टोनांत पाश्चात्त्य नळीघंटा होती, पण तिचा नाद चर्चचा, आमच्या गाभाऱ्याचा नव्हे. धातूचा नाद या पद्धतीत फार छान साधतो. दोन लहरींच्या कंपनांचे प्रमाण 1 ला 2, 1 ला 3 असे पूर्णांकी असले की बासरी, पियानो, तंतुवाद्य असे सुरेल आवाज निघतात. ते प्रमाण 1 ला 1.4 असे काही अधले-मधले झाले की पितळ वाजल्याचा भास होतो. मास्तर संध्याकाळी देवळात जात, घंटा वाजवून ती विरेपर्यंत कान देऊन उभे राहत आणि घरी येऊन एकेक आकडा बदलत. मूळ ठोका किती टणक हवा, मागचा गुंजारव किती लांबवायचा, वरचे झणझणीत स्वर आधी कधी मिटायचे, हे सगळे त्यांनी एका लांब वहीत लिहून ठेवले होते. एका टोनमागे सुमारे दीडशे आकडे असतात, म्हणून वहीचे एक पान एका टोनला, आणि पानावर सहा लहरींसाठी सहा उभे रकाने. पाचव्या रात्री ती घंटा कर्ण्यांतून घुमली की मागच्या रांगेतल्या आज्या खरोखर हात जोडत.

माझे ठाम मत आहे की सिंथेसायझर आपल्याकडे रुजला तो मींडेमुळे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाण्यामुळे. पेटीच्या पट्टीवर स्वर जिथे आहे तिथेच राहतो, दोन स्वरांमधली वाट तिला चालता येत नाही. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली, त्यामागे हाही एक आक्षेप होता. सिंथेसायझरला मात्र डाव्या हाताशी स्वर वर-खाली सरकवणारी चाकती असते. ती सोडली की आपोआप मधोमध परत येते, आणि या खोडीचाच मास्तरांनी उपयोग करून घेतला होता: आधी चाकती खाली ओढायची, मग पट्टी दाबायची आणि चाकती हलकेच सोडत वरच्या स्वरावर पोचायचे. किती सावकाश सोडायची, यातच सारी गायकी. उजव्या हाताने कोणीही वाजवील, डाव्या हातावरून वादक ओळखावा, असे ते म्हणत. चाळीतली मुले पुढे कॅसिओच्या छोट्या पट्ट्यांवर शिकू लागली, तेव्हा त्यांवर ही चाकती नाही म्हणून त्यांची जी तगमग व्हायची, ती पाहिलेल्यांना माझे म्हणणे पटेल.

पाचवी रात्र सर्वांची होती. श्रमपरिहार मात्र खास आमचा. अनंत चतुर्दशी संपली की पितृपक्ष लागतो, त्या पंधरवड्यात कोणी कार्यक्रमाची सुपारी देत नाही, आणि नवरात्रापर्यंत वादक मोकळे असतात. म्हणून विसर्जनानंतरच्या रविवारी कार्यकर्त्यांच्या जेवणाला मास्तर आसपासच्या मंडळांतल्या आणि ऑर्केस्ट्रांतल्या कीबोर्डवाल्यांना आपापली वाद्ये घेऊन बोलावत. पितृपक्षात गाणे-बजावणे कशाला, अशी कुरकुर काही ज्येष्ठांनी केली, पण पुरी-भाजीच्या पंगतीनंतर तेही खुर्ची ओढून बसत. मंडळाच्या खोलीत जमिनीवर सतरंजी, तिच्यावर चार-पाच कीबोर्ड आणि मध्ये तारांचा गुंता, असे ते संमेलन दरवर्षी भरू लागले.

तिथे मी मिडी पाहिली. दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून एकावर वाजवलेले दुसऱ्यातून ऐकता येईल, अशी ही पद्धत. 1983 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्स आणि रोलँड यांची वाद्ये अशी जोडून दाखवण्यात आली होती. जुन्या टेपरेकॉर्डरांना असे तोच पाच पिनांचा गोल जोड तिला लागतो आणि पाचांपैकी तीनच पिना कामाला येतात, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरून सुटे जोड आणून आम्ही तारा घरीच बनवल्या. रोलँडचा, काठ्यांनी वाजवायच्या आठ चौकोनांचा पहिला ऑक्टोपॅड याच खोलीत आला. त्याला स्वतःचा आवाज नव्हता, तारेने दुसऱ्या वाद्याला जोडल्याखेरीज तो मुका, हे कळल्यावर लहान मुलांना त्याची दया आली होती.

संमेलनातला मुख्य व्यवहार टोनांच्या देवघेवीचा. दोन डीएक्स 7 जोडून ठरावीक बटणे दाबली की 32 टोनांचा अख्खा संच दोनेक सेकंदांत या वाद्यातून त्या वाद्यात जाई. टोन हा कीबोर्डवाल्याच्या धंद्याचा जीव असतो आणि पुष्कळ वादक तो कोणाला देत नाहीत. मास्तरांनी मात्र आपली घंटा मागेल त्याला दिली, आणि त्या बदल्यात कोणाची सनई, कोणाचे तुणतुणे, कोणाचा संबळाचा ठोका त्यांच्या वहीत आला. एका वर्षी एका पाहुण्याच्या रोलँड डी-50 मधला नाण्याएवढा सेल संपून त्यातले सारे टोन पुसले गेले होते. 1987 चे हे वाद्य आरंभीचा ठोका खऱ्या ध्वनिमुद्रणातून घेते आणि पुढचा लांब स्वर स्वतः घडवते, त्यामुळे त्यातला एकेक आवाज पुन्हा जुळवणे किचकट काम. जेवणे बाजूला ठेवून चौघे जण आठवणीवरून आकडे भरत बसले होते.

चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारे एक बुजुर्ग वादकही तिथे येत. हिंदी चित्रपटसंगीतात मूग सिंथेसायझर आणणारे केरसी लॉर्ड हे नाव आम्ही त्यांच्याकडून ऐकले. मूग एका वेळी एकच स्वर वाजवतो, आणि आपले संगीतही एकाच स्वराच्या मागे जाणारे, तेव्हा आपल्याला त्यात उणे काही वाटू नये, हे त्यांचे म्हणणे माझ्या मनात राहिले. वादक चरणजित सिंग यांच्याविषयीही ते भरभरून बोलत. 1982 साली सिंग यांनी रोलँडची तीन वाद्ये, म्हणजे ज्युपिटर-8 हा कीबोर्ड, टीबी-303 हे बासचे यंत्र आणि टीआर-808 हे ठेक्याचे यंत्र, घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने त्याची तबकडी काढली. तिची तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही. 2010 मध्ये ती परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात बहरलेल्या अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताशी तिचे साम्य ऐकून जगभरचे श्रोते चकित झाले. आमच्या खोलीत ती तबकडी लागली, तेव्हा कोणी चकित झाले नाही, टीबी-303 चा स्वर घसरत पुढच्या स्वरावर जाताना ऐकून सर्वांनी एकदम “मींड!” म्हटले.

पुढे कॉर्ग कंपनीचा एम 1 हा कीबोर्ड आला, त्यानंतर रोलँडचा एक्सपी-60 आला आणि टोन फ्लॉपीवर फिरू लागले. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले, सवलतीचे मोजके दिवस उरले, आणि पहाटेपर्यंत चालणारी पाचवी रात्र तिथेच संपली. तो नियम मला मान्य आहे, वस्तीत आजारी माणसे आणि तान्ही मुले असतात. पण ऑर्केस्ट्राची जागा मिरवणुकीतल्या भिंतींएवढ्या स्पीकरांनी घेतली, ते मला अजून रुचलेले नाही. त्या भिंतीमागे वादक नसतो.

श्रमपरिहाराचे संमेलन मात्र टिकले, कारण त्याला कर्ण्यांची गरज कधीच नव्हती. आता तिथे पंचविशीतली मुले येतात, त्यांतली काही संगणकावरच संगीत करणारी. जुन्या वाद्यांच्या पट्ट्यांखालचे रबरी संपर्क साफ करणे, सेल बदलणे, चाकतीत तेल घालणे ही कामे ती आवडीने शिकतात. मास्तर आता नाहीत. त्यांच्या 32 टोनांचा संच 4104 बाइटांच्या एका फाइलीत मावतो, आणि डीएक्स 7 ची हुबेहूब नक्कल करणाऱ्या डेक्स्ड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल उघडून मुलांनी घंटा लॅपटॉपवर वाजवली. गेल्या वर्षी त्यांनीच दाखवून दिले की वहीच्या पानावर एका लहरीचे प्रमाण 1.41 लिहिलेले आहे आणि फाइलीत ते 1.40 आहे. मास्तरांनी वही लिहिल्यानंतर कानाने तो आकडा बदलला असावा, असे माझे म्हणणे. वही नंतरची आहे, असे मुलांचे. मास्तरांच्या वाद्याचे संपर्क यंदा साफ होऊन आले आहेत, तेव्हा येत्या श्रमपरिहाराला दोन्ही आकडे त्याच वाद्यात भरून ऐकायचे आणि देवळाच्या पुजारीबुवांनाही ऐकायला बोलवायचे, असे ठरले आहे.