तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेचं यान की रशियाचं?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात कुणीतरी हमखास विचारतं, "अंतराळवीरांसाठी जास्त सुरक्षित कोण, अमेरिका की रशिया?" मी म्हणतो, देश राहू द्या, यान कुठलं ते बोला.

अमेरिकेच्या स्पेस शटलची 135 उड्डाणं झाली. त्यांत दोन शटल नष्ट झाली: 1986 मध्ये चॅलेंजर, 2003 मध्ये कोलंबिया. चौदा जण गेले, कल्पना चावलाही त्यांतच. रशियाच्या सोयूझ यानानेही दोनदा बळी घेतले. 1967 मध्ये पॅराशूटने दगा दिला आणि व्लादिमिर कोमारोव गेले. 1971 मध्ये परतताना एक झडप अवेळी उघडली, यानातली हवा निघून गेली. आतल्या तिघांच्याही अंगात प्रेशर सूट, म्हणजे हवेचा दाब टिकवणारे पोशाख, नव्हते. त्यानंतर सोयूझमध्ये आजवर एकही मृत्यू नाही.

म्हणजे सोयूझ बिघडत नाही? छे, चांगलं बिघडतं! सप्टेंबर 1983, बैकोनूरचा उड्डाणतळ. उड्डाणाला जेमतेम दीड मिनिट असताना रॉकेटच्या बुडाशी आग लागली. तितोव आणि स्त्रेकालोव हे अंतराळवीर वर कॅप्सूलमध्ये, म्हणजे रॉकेटच्या टोकावरच्या बसायच्या कुपीत. सुटकेचा आदेश वर नेणाऱ्या तारा तोवर जळून गेलेल्या. उरला रेडिओ, पण त्यासाठी जमिनीवरच्या दोन खोल्यांतल्या दोघांनी जवळपास एकाच वेळी बटण दाबायला हवं. त्यांनी ते दाबलं. टोकावरच्या छोट्या रॉकेटने कॅप्सूल अक्षरशः उपटून नेली आणि काही सेकंदांत खालचं रॉकेट फुटलं. दोघं चारेक किलोमीटरवर उतरले, अंग ठेचून निघालेलं, पण धडधाकट.

शटलला असली सोय नव्हतीच. बाजूचे घन इंधनाचे बूस्टर एकदा पेटले की विझवता येत नसत. शिवाय यान इंधनाच्या टाकीच्या कुशीला टांगलेलं, त्यामुळे टाकीवरून सुटलेला फोमचा तुकडा कोलंबियाच्या पंखावर आदळला. माझ्या मते ही चूक आराखड्यातच होती. कॅप्सूल टोकावर बसते, तिच्यावर वरून काय पडणार?

अमेरिकनांनाही ते उमगलं. आजच्या क्रू ड्रॅगनमध्ये सुटकेची इंजिनं यानाच्या अंगातच बसवली आहेत. मात्र 2024 मध्ये बोइंगचं स्टारलायनर यान थ्रस्टरच्या (दिशा बदलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या) बिघाडामुळे रिकामं परत आणावं लागलं, आणि त्यातून वर गेलेल्या सुनीता विल्यम्स पुढच्या मार्चमध्ये ड्रॅगनमधून उतरल्या. रशियाकडेही अलीकडे ढिलाई दिसते: 2022 मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयूझमधून शीतक, म्हणजे यान थंड ठेवणारा द्रव, गळून गेलं आणि बदली यान माणसांविना वर धाडावं लागलं.

"मग तुम्ही कशात बसाल?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. ड्रॅगनमध्ये बसेन, सोयूझमध्येही बसेन. ऑक्टोबर 2018 मध्ये अर्ध्या वाटेत रॉकेट निकामी होऊन सोयूझमधले रशियाचे ओव्हचिनिन आणि अमेरिकेचे निक हेग सुखरूप खाली आले. पुढच्या मार्चमध्ये तेच दोघं पुन्हा सोयूझमध्येच चढले.