पदवीधर मतदारसंघात मत बाद का होतं?

विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मतदान यंत्र नसतं. हातात कागदी मतपत्रिका येते आणि तिच्यावर शिक्का नव्हे, आकडा लिहायचा असतो. लोकसभेची, विधानसभेची सवय इथे नडते. २०२३ साली अमरावती पदवीधरमध्ये आठ हजारांवर मतं बाद झाली, विजयी उमेदवाराची आघाडी मात्र चार हजारांच्याही आत होती. शिकल्यासवरल्या मतदारांची इतकी मतं वाया जावीत, याचं फार वाईट वाटतं.

लिहायचं ते केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच. खिशातलं बॉलपेन वापरलं की मत गेलं. आवडत्या उमेदवारासमोरच्या 'पसंतीक्रम' रकान्यात १ लिहा. मराठी १, इंग्रजी किंवा रोमन आकडा, काहीही चालतं, फक्त शेवटपर्यंत एकच पद्धत ठेवा. अक्षरी 'एक' लिहिलं, बरोबरची खूण केली, फुली मारली, सही किंवा अंगठा उमटवला तर मतपत्रिका बाद. १ दोघांसमोर लिहिला तरी बाद, आणि एकाच नावासमोर १ व २ दोन्ही लिहिले तरीही. आकडा दोन नावांच्या मधल्या रेषेवर गेला तर मत कोणाला हे ठरत नाही, म्हणून तो चौकटीच्या मधोमध काढा. शाई वाळू द्या, मग घडी घाला.

२, ३ लिहिणं ऐच्छिक आहे. तिथे चूक झाली तरी पहिलं मत शाबूत राहतं. समजा १ एकदा आहे आणि २ दोघांसमोर पडला: १ मोजला जातो, पुढचे आकडे धरत नाहीत. १, २ नंतर थेट ४ लिहिला तर २ पर्यंतच हिशेब चालतो.

'दुसरी पसंती दिली तर माझ्या उमेदवाराचं नुकसान होईल' हा समज मात्र साफ चुकीचा. एकच जागा असताना कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, असा काढतात: वैध मतांना दोनने भागायचं, बाकी सोडायची, एक मिळवायचा. ४०,००१ वैध मतं असतील तर २०,००१. पहिल्या फेरीत कोणी तिथे पोहोचलं नाही तर सर्वांत कमी मतं असलेला बाहेर पडतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. म्हणजे तुमचा २ उघडतो तो तुमचा १ शर्यतीतून गेल्यावरच. पुढे आकडाच नसेल तर ती मतपत्रिका तिथेच थांबते, आणि उरलेल्या दोघा-तिघांतून निवड होताना तुमचा शब्द राहत नाही.

लिहिताना गफलत झालीच तर खाडाखोड करू नका. पेटीत टाकण्याआधी मतपत्रिका केंद्राध्यक्षांकडे परत करा, चूक अनवधानाने झाल्याची त्यांची खात्री पटली की दुसरी मिळते.