पाच अंक

मार्च २००७. सकाळचे गठ्ठे फोडून पोरं सायकलींवर वाटपाला निघाली होती आणि मी पेपर एजन्सीच्या ओट्यावर हिशोबाची वही घेऊन बसलो होतो. बसस्टँडकडून एक बाई आली, सोबत बारा-तेरा वर्षांचा मुलगा. तिने पदराची गाठ सोडली, आतलं घडी घातलेलं कात्रण काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

“भाऊ, हे तुमीनच लिहिलं का?”

एका कॉलमात नऊ ओळींची बातमी. चार महिन्यांपूर्वीची, तिच्या नवऱ्याच्या आत्महत्येची. गाव, वय, मर्ग (म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल, पुढील तपास सुरू, सगळं नेहमीसारखं. सातव्या ओळीत ‘दारूच्या व्यसनातून’ असं छापलेलं होतं. वर नाव नव्हतं, नुसतं ‘वार्ताहर’ होतं. पण तालुक्यात आमच्या पेपरचा वार्ताहर मी एकटाच.

“थे पेत नव्हते भाऊ. माळकरी होते.”

मी तिला आत बसवलं, मुलाला चहा सांगितला. मला काय बोलावं ते सुचत नव्हतं.

त्या काळाबद्दल थोडं सांगायला हवं. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा या शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. त्यांतल्याच एका जिल्ह्यात माझा तालुका. दिल्ली-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन गावोगाव फिरत होती, आणि मला रोज संध्याकाळी जिल्हा कार्यालयातून फोन यायचा, “आज किती?” मी ठाण्यात फोन लावायचो. ठाणे अंमलदार डायरीतून नाव, गाव, वय सांगायचा. मी कारण विचारायचो, तोही काहीतरी सांगायचा. एसटीडी बूथवरून सातच्या आत फॅक्स गेला पाहिजे, नाहीतर बातमी परवावर जायची.

ही बातमी अशीच गेली होती. कारण सांगताना तो म्हणाला, “पेत असन.” ‘असन’मधली शंका मी गाळली. ‘दारूच्या व्यसनातून’ लिहून मोकळा झालो आणि त्या रात्री बाजार समितीच्या निवडणुकीचं लिहीत बसलो.

आता त्या शब्दांचं काय झालं होतं ते तिच्या पिशवीतल्या कागदांवरून कळलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देतं. त्यातले तीस हजार चेकने हातात, सत्तर हजार खात्यात ठेव म्हणून. मात्र नापिकी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा यांत प्रकरण बसावं लागतं. नाहीतर शेरा पडतो, ‘अपात्र’. तिच्या कागदावर तोच शेरा होता. चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं, व्यसनाधीनता, वर्तमानपत्रातील कात्रण सोबत जोडले आहे. पोलिसांच्या तोंडचा अंदाज माझ्या बातमीत आला आणि तिथून सरकारी फाइलमध्ये पुरावा होऊन बसला.

१९८४ पासून मी हे काम करत होतो. सुरुवातीला बातम्यांचं पाकीट शेवटच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो, वर लाल शाईने ‘तातडीचे’ लिहून. मानधन नावाला, घर चालायचं ते एजन्सीवर आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारीच्या जाहिरातींच्या कमिशनवर. तरी एक अभिमान होता की आपण खोटं लिहिलेलं नाही. धमक्या आल्या, एकदा दुकानावर दगड पडले, तेव्हाही तो अभिमान शाबूत होता. त्या सकाळी तो गेला.

तिच्याच सोबत अकराच्या बसने गावाला गेलो. बावीस किलोमीटर. चार महिन्यांपूर्वी जायला हवं होतं. घर एका खोलीचं, भिंतीला विठोबाची तसबीर, खाली खुंटीला टाळ. कोपऱ्यात शेवटच्या वेच्याचा कापूस, कवडी झालेला, कोणी व्यापारी घेणार नाही असा. सोसायटीची थकबाकीची नोटीस तिने पोथीत ठेवली होती. पोलीस पाटलांना भेटलो. ते म्हणाले, “दर वर्षी पायी वारीले जाये तो मानूस. दारूचं कोनं सांगतलं तुमाले?” त्यांना उत्तर देताना मान वर झाली नाही.

परत येऊन जिल्हा कार्यालयाला फोन केला, खुलासा छापा म्हटलं. तिकडून विचारलं, पुरावा काय? बातमी छापताना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

मग तिच्या भावाच्या नावे माहितीच्या अधिकारात अर्ज केला. कायदा लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि मरणोत्तर पंचनाम्याची नक्कल मागितली. ठाण्यातल्या लोकांशी माझी रोजची ऊठबस, त्यामुळे दोन-चार जणांनी बोलणं सोडलं. महिन्याने नक्कल हातात आली. अंगावरचे कपडे, खिशातल्या वस्तू यांची यादी होती, आणि मधेच एक ओळ, ‘गळ्यात तुळशीची माळ’. ठाण्याच्याच कागदावर ही ओळ नोव्हेंबरपासून पडून होती. मी ती मागितली असती तर त्याच दिवशी कोणीही वाचून दाखवली असती.

पैशांचं सांगून टाकतो. पंचनामा, सोसायटीची नोटीस आणि पोलीस पाटलांचा जबाब जोडून फेरचौकशीचा अर्ज केला. प्रकरण पात्र ठरायला पुढचं वर्ष उजाडलं.

त्यानंतर मी आत्महत्येच्या बातमीत कारण लिहिणं बंद केलं. अधिकारी नाराज, डेस्क नाराज. ‘कारण नसलेली बातमी काय बातमी?’ म्हणायचे. २०१९ मध्ये प्रेस कौन्सिलने आत्महत्यांच्या वार्तांकनाचे नियम काढले. पद्धतीचं वर्णन नको, सनसनाटी मथळा नको, असं त्यांत आहे. मी ती पानं तालुक्यातल्या सगळ्या वार्ताहर पोरांना वाटली. आता बातमी त्यांच्या मोबाइलवर आधी येते, फोटोसकट. मी प्रत्येकाला विचारतो, त्या घरी जाऊन आलास का? गेलेला असतो तो दुसऱ्या दिवशी लिहितो आणि नीट लिहितो. मागे पडलो म्हणून कोणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही.

खुलासा मे महिन्यात छापून आला. चार ओळी, सहाव्या पानावर, निविदांच्या जाहिरातींखाली. मी निरोप पाठवला तशी ती दुसऱ्याच दिवशी आली, या वेळी एकटीच. मी म्हटलं, हे कात्रण आता फेरचौकशीच्या अर्जाला जोडू.

“त्याले एक जोडा न भाऊ. पन मले पाच पेपर पाह्यजे.”

पाच कशाला, मी विचारलं. तेव्हा तिने पहिल्यांदा सांगितलं. मोठ्या मुलीची सोयरीक ठरली होती. बाप पिऊन मेला असं पेपरात आलंय म्हणून पाहुण्यांनी ती मोडली होती. एक अंक त्या घरी, एक मुलीच्या मामाकडे, एक पोराच्या शाळेत मास्तरांना, एक भजनी मंडळात आणि एक घरी, विठोबाच्या तसबिरीमागे. पैशांबद्दल ती काहीच बोलली नाही. आदल्या दिवशीचे शिल्लक अंक परत पाठवायला बांधून ठेवले होते. मी सुतळी सोडून पाच काढले आणि सहावं पान उघडून तिच्यासमोर ठेवलं. ती बराच वेळ पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

“कोन्त्या ओळी थ्या? पेनानं गोल करून द्या न भाऊ. म्हंजे मले दाखोता येईन.”

मी पाचही अंकांत गोल करून दिले.