रविवारची शेती

आमची शेती रविवारची. बाकीचे सहा दिवस ती शेत राखणाऱ्या काकाजींच्या ताब्यात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याही नाही.

सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशातून इंदूरजवळच्या हातोदच्या पुढे पावणेदोन बिघे जमीन घेतली, तेव्हा आमच्या लोकमान्यनगरातल्या निम्म्या घरांनी आम्हाला सांगितलं, "आता तुम्हाला भाजीची काय चिंता!" भाजी आम्ही अजून ठेल्यावरूनच घेतो. शेतावर कुठलीही गोष्ट रविवारी तयार होत नाही, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बटला घ्या. (महाराष्ट्रातले पाहुणे हसतात, पण इंदुरात मटार म्हणजे बटलाच.) तो बुधवारी भरतो, शुक्रवारी साखरेसारखा लागतो आणि रविवारी आम्ही पिशव्या घेऊन पोचतो तोवर दाणे निबर झालेले असतात. श्रावण-भाद्रपदातली बालम ककडीही तशीच. मागच्या खेपेला कोवळी म्हणून सोडलेली पुढच्या खेपेला पोटातून फुटून केशरी गर दाखवत पडलेली असते, आणि तिच्यावर मुंगळ्यांची पंगत बसलेली.

जामफळाची, म्हणजे पेरूची, बातमी पोपटांना आधी लागते. आम्ही फळ दाबून बघतो, रंग बघतो, देठ बघतो, तरी चुकतो. पोपट चुकत नाही. त्याची खोड एकच: एक फळ पुरतं संपवायचं नाही. इथे एक चोच, तिथे एक चोच. उरलेलं बुलबुल खातात, खाली पडलेलं खारी. पोपटाने टोचलेलं जामफळ सगळ्यात गोड, हे आईंना मान्य आहे. उष्टं म्हणून त्या देवापुढे ठेवत नाहीत. चाकूने तेवढा भाग काढून आम्हाला देतात.

हरभऱ्याची गोष्ट जरा महागात पडली. पौषात घाटे धरले आणि घोडारोज यायला लागले. पुस्तकात त्यांना नीलगाय म्हणतात, पण काकाजींच्या तोंडी घोडारोजच. येतात रात्री, कळपाने. काकाजींनी उपाय सांगितला, जुन्या साड्यांचं कुंपण. आईंनी ट्रंक उघडली. पाच वायल, दोन गार्डन आणि मनावर दगड ठेवून एक जांभळ्या काठाची. पहिल्या रविवारी शेत लग्नघरासारखं दिसत होतं. दुसऱ्या रविवारी हरभरा शाबूत. तिसऱ्या रविवारी जांभळ्या काठाखालूनच वाट पडलेली, आणि कोपऱ्यात लेंड्यांचा एकच एक ढीग. हे जनावर पुन्हा पुन्हा ठरलेल्या जागीच जातं. स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढणाऱ्या शहराच्या शेजाराला शोभण्यासारखंच. उरलेल्या घाट्यांचा आम्ही हुळा भाजून खाल्ला, तोंडं काळी केली आणि घरी आलो.

रविवारपर्यंत थांबतो तो एकटा गराडू. वर वेल वाळला तरी खाली कंद आपला पडून असतो, कुणाची घाई नाही. हाताला तेल लावून सोलायचा, दोनदा तळायचा, वर जीरावन मसाला आणि लिंबू. इंदूरच्या सराफा बाजारातल्या गराडूला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, पण आमचा बरा असतो.

बांधाशी खताचा खड्डा आहे. माझा साताऱ्याचा मामेभाऊ तो बघून एकदम म्हणाला, "ही इंदूर पद्धत ना? परीक्षेत पाच मार्काला होती." आम्हालाच माहीत नव्हतं. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ 1924 ते 1931 इंदुरात होते. होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर त्यांनी काडीकचरा, शेण, माती यांचे थर देऊन, ढीग खालीवर करत खत करण्याची रीत बसवली. ती आमच्या गावाचं नाव घेऊन जगभर गेली. आमच्या खड्ड्याच्या कडेला रोज हुदहुद चोच खुपसत फिरतो. त्याला गांडुळांशी मतलब.

टिटवीचं मात्र सांगायलाच हवं. वैशाखात नांगरटीला ट्रॅक्टर आला आणि शेताच्या मधोमध, जरा उंचवट्यावर, चार अंडी. घरटं असं नाहीच. ढेकळांत एक खळगा, त्यात खडे, आणि खड्यांच्याच रंगाची अंडी, टोकं आत केलेली. काकाजी खूश. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस दांडगा, असा इकडचा होरा. ट्रॅक्टरवाला वैतागला. काकाजी म्हणाले, "रेन दो," म्हणजे राहू दे. त्याने अंगणाएवढा गोल सोडून बाकीचं नांगरलं.

अंडी उबायला साधारण अठ्ठावीस दिवस लागतात. म्हणजे चार रविवार. शेतावरचा हा पहिला हिशेब जो आमच्या वारात बसला. दुसऱ्या रविवारी भर दुपारी जांभळीच्या सावलीतून पाहिलं: टिटवी हौदाच्या सांडलेल्या पाण्यात पोट टेकून बसली, भिजलेली तशीच तुरुतुरु चालत गेली आणि अंड्यांवर बसली. उबवण्यासाठी नव्हे, गार करण्यासाठी. त्या उन्हात ढेकळांना हात लावला तर चटका बसत होता. त्यानंतर आम्ही कुणी हौदाकडे हात-पाय धुवायलासुद्धा गेलो नाही.

चौथ्या रविवारी अंडी होती. पाचव्या रविवारी खळगा रिकामा. टरफलसुद्धा नाही. नवरा म्हणाला, "बघ, मंगळवारी वगैरे झालं असणार." मी खळग्यापाशी वाकले, तोच डोक्यावर टीव-टीव-टिट्टिव असा कल्लोळ. दोघंही, नर-मादी, आळीपाळीने झेप घेत होती. रिकाम्या खळग्यासाठी कोण एवढं ओरडेल? काकाजी लांबूनच हात हलवत होते: पाय जपून, मागे फिरा. ढेकळांत कुठेतरी, आमच्या चपलांच्या आसपासच, चार ढेकळं श्वास रोखून पडली होती.

एकेक पाऊल बघून टाकत आम्ही बांधावर आलो. जेवायला केलेले बाफले निवले होते.