पंचवटीने मुंबई, वंदे भारतने नाशिकरोड, मेमूने निफाड

नाशिकरोड ते मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर लोहमार्गाने सुमारे १८७ किलोमीटर आहे. जाताना पंचवटी एक्स्प्रेस, परतताना शिर्डीला जाणारी वंदे भारत आणि नाशिकरोडहून पुढे निफाडपर्यंत इगतपुरी–भुसावळ मेमू (लहान स्थानकांवरही थांबणारी विजेवरची गाडी), असा प्रवास मी मुद्दाम आखला होता. या मार्गावर थांबे कमी करून गाड्यांचा वेग वाढवावा की गावे जोडलेली ठेवावीत, हा प्रश्न वारंवार चर्चेला येतो. त्याचे उत्तर गाडीत बसून, दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजून शोधावे, असे मला वाटत होते.

१९७५ पासून धावणारी पंचवटी मनमाडहून सकाळी निघते आणि लासलगाव, निफाड, नाशिकरोड, देवळाली, इगतपुरी असे थांबे घेत मुंबईला जाते. निफाड किंवा लासलगावचा थांबा वेळापत्रकात मिनिट-दोन मिनिटांचा दिसत असला, तरी गाडीने वेग कमी करणे आणि सुटल्यावर पुन्हा पूर्ण वेग पकडणे यांत जाणारा वेळ धरला, तर त्याची खरी किंमत बरीच अधिक असते. तरीही तो थांबा काढला, तर निफाडच्या नोकरदाराला आणि लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याला पहाटे रस्त्याने नाशिकरोड किंवा मनमाड गाठावे लागेल, आणि गाडीने वाचवलेल्या मिनिटांच्या कितीतरी पट वेळ त्या रस्त्यावर जाईल. शिवाय या गाडीत पासधारकांची आणि अनारक्षित डब्यांची सोय आहे; कल्याण, ठाणे आणि दादर येथे ती थांबत असल्यामुळे उपनगरांत काम असणाऱ्यांना तेथूनच लोकल पकडता येते. ज्याचे काम ठाण्यात किंवा नवी मुंबईत आहे, त्याने शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन उलटे येण्याचे कारण नाही.

या मार्गाचा वेग मुळात थांब्यांपेक्षा घाटाच्या हाती अधिक आहे. कसारा ते इगतपुरी या थळ घाटात चढ ३७ फुटांत एक फूट इतका तीव्र आहे. त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या नेहमीच्या गाड्यांना कसाऱ्याला थांबवून मागून रेटा देणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, जोडावी लागतात. उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक इगतपुरीला तपासले जातात, म्हणून तो थांबा वाया गेलेला वेळ मानू नये. वंदे भारतच्या चाकांच्या निम्म्या आसांना विजेच्या मोटारी असल्याने ती बँकरविना घाट चढते. परतीच्या प्रवासात हा फरक स्पष्ट जाणवला आणि मला तो मनापासून आवडला, कारण येथे कोणाचाही थांबा न काढता वेळ वाचतो. मात्र ताशी १६० किलोमीटर वेगाने धावू शकणारी ही गाडी मुंबई–शिर्डी हे सुमारे ३४३ किलोमीटरचे अंतर सव्वापाच ते साडेपाच तासांत कापते, म्हणजे तिची सरासरी ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच राहते. घाट आणि कल्याणपुढे लोकल गाड्यांच्या गर्दीत सापडलेला लोहमार्ग, ही त्याची मोठी कारणे आहेत. कल्याण ते कसारा तिसरी मार्गिका पूर्ण झाल्यावर मिळणारा लाभ चार थांबे काढून मिळणाऱ्या लाभापेक्षा मोठा असेल, असे माझे मत आहे.

नाशिकरोडला उतरल्यावर मेमूची वाट पाहण्यात वाचलेल्या वेळाचा बराच भाग गेला. मेमू ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे असे करीत निफाडला पोहोचते आणि ज्यांच्यासाठी ती आहे त्यांना ती उत्तम सेवा देते. तिची वेळ वेगवान गाडीच्या वेळेशी जुळली, तर वंदे भारतचा लाभ लहान स्थानकांपर्यंत सहज पोहोचेल. नवा थांबा मागण्याआधी प्रवासी संघटनांनी ही मागणी लावून धरावी, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

याच मार्गाने जाणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वंदे भारतमध्ये अनारक्षित डबा नाही आणि मासिक पासही चालत नाही. तिचे दरवाजे आपोआप बंद होतात आणि नाशिकरोडचा थांबा अल्प असतो, म्हणून सामान घेऊन आधीच दाराशी यावे. मनमाडला गाडी बदलून छत्रपती संभाजीनगर किंवा दौंडकडे जायचे असेल आणि दोन्ही तिकिटे आरक्षित असतील, तर दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्यावेत. १ एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे नियमानुसार परत मिळतात. मात्र दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचे तपशील सारखे असावे लागतात. मुंबईहून थेट गाडीत जागा न मिळाल्यास कसारा लोकलने शेवटपर्यंत यावे, कारण स्थानकाबाहेर नाशिकसाठी शेअर टॅक्सी मिळतात. नाशिकरोडहून मध्यवर्ती बसस्थानक आठ-नऊ किलोमीटरवर आहे. तेथे जाण्यासाठी सिटीलिंकची बस मिळते, परंतु द्वारका चौकात गर्दीच्या वेळी होणारी कोंडी धरून परतीच्या गाडीसाठी घरातून किमान पाऊण तास आधी निघावे. २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात तर याहून बराच अधिक वेळ हाताशी ठेवावा.