साइक्स अपडेट: तुटलेला सांधा सापडला, पण आता तीन आर्मिटेज समोर उभे!

मागच्या वेळी मी कुठे रडत थांबले होते ते जुन्या लोकांना आठवत असेलच. सासरचं आडनाव साइक्स, पण सासऱ्यांचा वाय-६७ (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय क्रोमोसोमवरच्या ६७ खुणांची, म्हणजे मार्करांची टेस्ट) आला, तर जुळणाऱ्या लोकांच्या यादीत एकही साइक्स नाही आणि पाच आर्मिटेज. त्यानंतर बिग-वाय (त्याच क्रोमोसोमची जास्त खोल टेस्ट) केली, पैसे गेले, तीन महिने वाट बघितली आणि निकाल काय तर तेच, फक्त जास्त ठामपणे. सासरे आर्मिटेजांच्याच फांदीवर बसलेत, सामाईक पूर्वज साधारण १७५० च्या आसपास, तेही शंभर वर्षं इकडे किंवा तिकडे. म्हणजे कागदावर सात पिढ्या चकचकीत साइक्स आणि रक्तात आर्मिटेज. क्लासिक एनपीई, म्हणजे कागदावरचा बाप एक, रक्ताचा दुसरा. प्रश्न एकच होता, सांधा नक्की कुठल्या पिढीत निखळला?

तर, सापडला. आणि तो इतके दिवस माझ्या नाकासमोर होता म्हणून जास्त चिडचिड झालीये.

नवीन लोकांसाठी दोन ओळी. साइक जुन्या इंग्रजीत म्हणजे छोटा ओढा, माळावरून वाहणारा, बऱ्याचदा हद्दीचा. म्हणजे माझं सासर सरळ मराठीत ओढेकर. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डच्या वरच्या अंगाला, स्लेथवेटकडे (स्थानिक लोक स्लॉविट म्हणतात, नाहीतर हसतात) दगड मारला तर साइक्सला लागेल इतके आहेत. आडनाव आणि वाय क्रोमोसोम एकत्र चालतात का यावरचा २००० सालचा गाजलेला पेपरही याच आडनावावर आहे, ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्सनी स्वतःचंच आडनाव तपासायला घेतलं, ४८ साइक्स पुरुष, त्यातले २१ एकाच हॅप्लोटाइपचे (मार्करांचा नमुना एकच), म्हणून निष्कर्ष असा की मूळ पुरुष बहुतेक एकच. तेव्हा मार्कर किती तपासले होते तर फक्त चार! आपण आज ६७ वर कुरकुर करतो. सगळेजण त्या २१ बद्दल बोलतात, उरलेल्या २७ बद्दल कोणी बोलत नाही. आमचे सासरेबुवा त्या २७ च्या पंगतीतले.

तर गाडी अडली होती ती जॉर्जपाशी. जॉर्ज साइक्स, सासऱ्यांचे पणजोबा, सगळ्या जनगणनांप्रमाणे जन्म साधारण १८४३, आणि या माणसाची जन्मनोंद मला गेली चार वर्षं सापडत नव्हती. जनरल रजिस्टर ऑफिसची अनुक्रमणिका १८३७ पासून आहे, त्यात आईचं माहेरचं नाव टाकून शोधता येतं, मी जॉर्ज साइक्स, आई हर्स्ट, असं दोन वर्षं पुढे दोन वर्षं मागे करून बघितलं, नाहीच. तीन चुकीचे दाखले मागवले, ते फाइलमध्ये पडलेत, एक तर डेव्हनचा निघाला. मग मीच स्वतःला समजावलं की त्या काळात नोंद न करणारे बरेच असायचे, १८७५ पर्यंत दंडाची भीती नव्हती, सोडून दे. इथेच चुकले.

मे महिन्यात ठरवलं की कागद बाजूला ठेवायचा आणि डीएनएनेच पिढी पकडायची. जॉर्जचा धाकटा भाऊ, नाव 'जो', जन्म १८४७, त्याचा थेट पुरुषवंशातला एक पणतू ऑस्ट्रेलियात सापडला, भला माणूस, किट माझ्या खर्चाने पाठवलं तर लगेच गालात स्वॅब फिरवून परत पाठवलं. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा वाय-३७ (३७ मार्करवाली टेस्ट) आला. साइक्स, साइक्स, साइक्स, साइक्सांच्या मुख्य गटात मधोमध! मी किचनमध्ये एकटीच नाचले. म्हणजे बहुधा दोघे भाऊ, आई एक, बाप वेगळे. धाकटा 'जो' खरा साइक्स, जॉर्ज बहुतेक नाही. सात पिढ्यांचा शोध जॉर्ज आणि त्याच्या खालच्या पिढ्यांवर आला.

आणि मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, १८५१ च्या जनगणनेचं मूळ पान उघडलं. आत्तापर्यंत मी एका साइटचं टाइप केलेलं रूप वापरत होते, नाव नाही घेत, पण वर्षाची फी घेतात आणि त्यात जॉर्जपुढे चक्क 'सन' असं लिहिलंय. मूळ पानावर 'सन' नंतर पुढच्या रकान्यात घुसलेलं बारीक अक्षर आहे, तिरकं, शाई पसरलेली: 'इन लॉ'. वय सात. सात वर्षांचा जावई बघून मी आधी हसले, मग ट्यूब पेटली. त्या काळात सावत्र मुलालाही सन-इन-लॉच म्हणायचे! गणनेवाल्याने १८५१ मध्ये सरळ सांगून ठेवलं होतं आणि टाइप करणाऱ्याने दोन शब्द गाळले, त्या दोन शब्दांत माझी चार वर्षं गेली. परत सांगते, मूळ पान बघा, मूळ पान बघा, मूळ पान बघा.

पुढचं दहा मिनिटांत झालं. जॉर्ज साइक्स शोधायचाच नव्हता, जॉर्ज हर्स्ट शोधायचा होता. १८४३, शेवटची तिमाही, हडर्सफील्ड, खंड २२, आणि आईच्या माहेरच्या नावाच्या जागी एक आडवी रेघ. ही रेघ लक्षात ठेवा मंडळी, लग्नाआधीचं मूल असेल तर तिथे नाव नसतं, रेघ असते. आईचं लग्न १८४५ चं, ते तर माझ्याकडे पहिल्यापासून होतं! मी गृहीत धरलं होतं की जॉर्जचं वय जनगणनेत चुकलंय. (वर्तमानपत्रांत मात्र जॉर्ज हर्स्ट शोधायला जाऊ नका, यॉर्कशरचा तो क्रिकेटवाला आहे ना, १९०६ च्या एकाच सीझनमध्ये दोन हजार धावा आणि दोनशे विकेट घेणारा, हजारो पानं सगळी त्याचीच.)

घरी सांगणं हा वेगळा अध्याय. टेस्ट करण्याआधीच मी सासऱ्यांना विचारलं होतं की भलतंच काही निघालं तर कळायला हवं का, ते हो म्हणाले होते, तरी पोटात गोळा होताच. मी आधी इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाची गोष्ट सांगितली, २०१२ मध्ये लेस्टरच्या कार पार्कखाली सांगाडा मिळाला, आईकडचा डीएनए जुळला, पण पुरुषवंशातले म्हणून शोधलेल्या सॉमरसेट घराण्यातल्या पाचांपैकी एकाचाही वाय त्याच्याशी जुळला नाही, वर त्या पाचातला एक बाकीच्या चौघांशीही जुळेना. राजाच्या घरची ही कथा तर गिरणीवाल्यांचं काय. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझ्या मगचं काय करायचं?" त्यांच्याकडे साइक्स घराण्याची ढाल छापलेला मग आहे, जत्रेत घेतलेला. मी म्हटलं तो तसाही खोटाच होता, इंग्लंडात ढाल माणसाला मिळते, आडनावाला नाही, असले मग विकणारे सगळ्या आडनावांना एकेक सिंह वाटत सुटलेत. साताऱ्याहून आईचा फोन, "तुझ्या सासरचं गोत्र सापडलं का गं?" सापडलं आई, पण वेगळंच.

पुढचा प्लॅन असा होता की ऑस्ट्रेलियाच्या भावाचा वाय-३७ बिग-वायपर्यंत वाढवायचा, कारण पुण्याचे कर्नल साइक्स, म्हणजे ज्यांच्या नावाचा चंडोल आपल्या माळरानावर दिसतो ते, तेही मूळचे यॉर्कशरचेच आणि मला कधीपासून

थांबा. हे लिहितानाच मेल आला, मागवलेल्या जॉर्ज हर्स्टच्या जन्मदाखल्याची पीडीएफ.

बरं. नाव जॉर्ज, एवढंच. बापाचा रकाना, रेघ. माहिती देणारी हन्ना हर्स्ट, म्हणजे त्याची आईच, सहीऐवजी फुलीची खूण. जन्मस्थळ लॉकवुड. माझी आशा वेगळी होती, कारण जॉर्जच्या लग्नाच्या नोंदीत जॉर्ज ए. साइक्स आहे, मी झाडात बिनधास्त आल्फ्रेड लिहून ठेवलं होतं, आणि इकडे बापाचं आडनाव मुलाला मधलं नाव म्हणून द्यायची पद्धत होतीच, म्हणून वाटलं दाखल्यावर 'आर्मिटेज' लिहिलेलंच असेल. नाहीये. ए म्हणजे काय ते अजून हवेतच, पण आल्फ्रेड मात्र आत्ताच खोडला.

पण लॉकवुड नवीन आहे! मी हन्नाला कायम स्लेथवेटलाच शोधत होते.

वीस मिनिटांनी परत आले. १८४१ ची जनगणना, लॉकवुड, हन्ना हर्स्ट, वय १५, पुढे एफ. एस. म्हणजे घरकामाची मुलगी. पंधराच्या वरची वयं त्या वर्षी पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती, म्हणजे खरं वय १५ ते १९ काहीही. ती ज्या घरात कामाला आहे ते आर्मिटेज नाहीत. पण त्याच पानावर लगेच खालचं घर आर्मिटेज, कापडवाले, आणि मुलगे तीन: २०, २०, १५. हात थरथरत होते खरंच. अर्थात ही नोंद जन्माच्या दोन वर्षं आधीची आहे आणि आर्मिटेज नाव निघालंच मुळी इथून मैलभरावरच्या आर्मिटेज ब्रिजकडून, तिथे ढिगाने असणार, हे मलाही कळतं.

आता खरी पंचाईत. हे तिघे भाऊ असतील तर तिघांचा वाय एकच, बिग-वाय काय, आणखी कितीही पैसे ओतले तरी त्यातला बाप कोण ते वाय सांगणार नाही. (आणि त्यांचा बापही घरात आहे, वय ४५, म्हणजे उमेदवार चार धरा.) त्यामुळे ऑस्ट्रेलियाची अपग्रेड रद्द, कर्नलसाहेब पुन्हा वेटिंगवर. आता ऑटोसोमल (आई-बाप दोघांकडून येणाऱ्या बाकीच्या डीएनएची टेस्ट) लागणार. तिघांचेही वंशज शोधायचे, त्यातला जो खरा बाप त्याच्या वंशजांचं सासऱ्यांशी नातं अर्ध्या तिसऱ्या चुलतभावाचं (खापरपणजोबा एक, खापरपणजी वेगळी), नशीब असेल तर चाळीस-पन्नास सेंटीमॉर्गन (सामाईक डीएनए मोजायचं माप), नाहीतर शून्य. शिवाय १८४४ च्या कायद्याने आईला स्वतः मॅजिस्ट्रेटकडे जाऊन पोटगी मागता यायला लागली, लग्न १८४५ चं, म्हणजे हन्ना मधल्या काळात गेली असेल तर कागद कुठेतरी असू शकतो. गुरुवारी वेकफील्डच्या आर्काइव्हजला जातेय.

आणि शून्य यायची भीती कमी करायची तर सासऱ्यांच्या मोठ्या बहिणीचीही टेस्ट हवी, भावंडांत वाटे वेगवेगळे पडतात, यांच्यात नाही ते तिच्यात असेल. आत्ताच फोन केला. वय ८१, टेस्टच्या नळीत थुंकायला एका पायावर तयार. फक्त आधी अर्धा तास चहा प्यायचा नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग बघू.